मान्सून ऑफर, द्राक्षबाग आणि सासूबाईंचं अंदमान

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

"आमची चार एकर द्राक्षबाग आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली पण देवदर्शन सोडून कुठे फिरायला गेलो नाही. यंदा भाव बरा मिळाला म्हणून ह्यांनी कबूल केलंय. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका एजंटने अंदमानची मान्सून ऑफर दिलीये, जुलैत, ५ रात्री ६ दिवस, पाच जणांचे १ लाख ६५ हजार, विमानासकट. आम्ही दोघं, दहावीची परीक्षा देणारी मुलगी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई, वय ६८. त्यांचं माहेर भगूर, त्यांना सावरकरांची कोठडी बघायचीये. एजंट म्हणतो आजच्या आज निम्मे पैसे गुगल पे करा नाहीतर रेट जाईल. त्यानेच मालदीवचंही स्वस्त पॅकेज पाठवलंय. पुण्याचे दीर म्हणतात एजंट सगळे चोर, नेटवर स्वतः बुक करा. पण ह्यांना आणि मला विमानाचं तिकीट काढायचंही माहीत नाही. काय करू?"

ताई, आधी एक करा, आज गुगल पे करू नका. जुलैच्या सहलीचा रेट मार्चमधल्या एका संध्याकाळी उडून जात नाही, विमानाचं तिकीट दोन-चार दिवसांत थोडं वरखाली होईल फार तर, बाकी पावसाळ्यातली तिथली हॉटेलं काही भरून वाहत नसतात. "आजच्या आज" हे वाक्य मी स्वतः पण म्हटलेलं आहे, शरणपूर रोडला एका ट्रॅव्हल ऑफिसात काउंटरवर बसायचे तेव्हा महिनाअखेरीला टार्गेट असायचं आणि साहेब मागे उभे असायचे. त्यामुळे तो मुलगा चोरच आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याची घाई ही त्याची आहे, तुमची नाही.

आता जुलैचं बघू, कारण खरी अडचण एजंटपेक्षा तिथे आहे. तुम्ही शेतकरी माणसं, दरवर्षी मे महिन्यात बातमी वाचता ना, "मान्सून अंदमानात दाखल". ते हेच अंदमान. केरळात १ जूनच्या आसपास येणारा पाऊस तिथे साधारण २० मेच्या सुमारास पोचलेला असतो, आणि जुलैत तो भरात असतो. आता पाऊस म्हणजे रोज चोवीस तास कोसळतो असं नाही, मधे मधे उघडीप मिळते, सगळं हिरवंगार असतं, गर्दी नसते, हॉटेल स्वस्त असतं, हे एजंटने सांगितलं असेल तर ते खरंच आहे. पण तिथली सहल सगळी बोटीवर चालते. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेटावर जायला बोट, हॅवलॉकहून नील बेटावर बोट, परत यायला बोट, एका टप्प्याला एक ते अडीच तास धरा, आणि समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, कधी एखादा दिवस, कधी जास्त. मग तुमच्या सहा दिवसांतला एक दिवस जेट्टीवर बॅगा घेऊन बसण्यात जाणार. त्यात स्नॉर्केलिंग, स्कूबा वगैरे पाणी गढूळ असताना करण्यात काही मजा नाही, आणि बोट हलायला लागली की ६८ वर्षांच्या बाईंना काय होईल ते तुम्हीच बघा. नवराबायको दोघंच असतात, खिडकीतून पाऊस बघत भजी खायची तयारी असते, त्यांनी खुशाल जुलैत जावं. अठरा वर्षांनी पहिल्यांदा निघालेल्या पाच जणांनी नको.

दुसरं म्हणजे जुलैत मुलीच्या अकरावीच्या ॲडमिशनच्या फेऱ्या किंवा नुकतं सुरू झालेलं कॉलेज असणार, याचा तुम्ही विचारच केलेला दिसत नाही पत्रात.

मग जायचं कधी? एजंट लोकांचं "बेस्ट सीझन ऑक्टोबर ते मे" असं पाठ असतं, पण ते तुमच्या कामाचं नाही. दसऱ्याच्या आगेमागे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, तिथून पुढे फवारण्या, थिनिंग, मग घड, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणं, त्या काळात तुमचे मालक बांधावरून हलणार नाहीत आणि हलले तरी अर्धं लक्ष मोबाईलवरच्या हवामानात राहणार, दिवाळीच्या सुट्टीचा तर विषयच सोडा. उरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचा काळ आणि पावसाळा. माझं मत विचाराल तर मेचा पहिला आठवडा धरा. पाऊस यायचा असतो, शाळेला सुट्टी असते, दहावी संपलेली असते आणि निकाल लागायचा असतो म्हणजे मुलगी पण जरा हसतमुख असेल. छाटणी कधी धरायची आणि फुटवे काढायचं काम नेमकं कुठल्या आठवड्यात येईल ते तुमचे मालक माझ्यापेक्षा जास्त जाणतात, त्यांनाच कॅलेंडर घेऊन बसवा आणि त्यांच्या तोंडून तारीख काढून घ्या, नाहीतर ऐन वेळेला "मजूर मिळत नाहीयेत" होईल. मेमध्ये तिकडे उकाडा आणि दमट हवा असते, एखादी सर येऊ शकते, वादळाची शक्यता पण त्या महिन्यात अगदीच नसते असं नाही, म्हणून निघायच्या आधीच्या आठवड्यात हवामान खात्याचं बघत राहा, ते तर तुम्ही तसंही रोज बघताच.

आणि मेमध्ये १ लाख ६५ हजारात होणार नाही हे आधीच सांगते. सुट्टीचा सीझन, विमान महाग. कुठे कमी करायचं ते पुढे लिहिते.

मालदीवचं पॅकेज बाजूला ठेवा. ते स्वस्त आहे कारण तिथेही मे ते ऑक्टोबर पावसाळाच, आणि कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं ते तिथे गेल्यावर डॉलरमध्ये द्यावं लागतं. रिसॉर्टला ग्रीन टॅक्स माणशी रोज १२ डॉलर आहे, जानेवारी २०२५ पासून दुप्पट केलाय, म्हणजे पाच जणांचे चार रात्रींचे २४० डॉलर नुसते त्याचेच. वर सर्व्हिस चार्ज आणि त्यांचा जीएसटी. लांबच्या रिसॉर्टला सीप्लेनने जावं लागतं आणि सीप्लेन फक्त उजेडात उडतं, तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर एक रात्र मालेमध्ये स्वतःच्या खर्चाने. व्हिसा भारतीयांना फुकट आणि पोचल्यावर मिळतो हे खरं, पण पासपोर्ट तर पाचही जणांचे हवेत ना, ते आहेत का तुमच्याकडे? आणि चातुर्मासात सासूबाईंना पाण्यावरच्या व्हिलात नेऊन बसवलं तर त्या तिथे दिवसभर काय करणार आहेत, जप?

जुलैच पक्का असेल, काही केल्या दुसरी तारीख निघतच नसेल, तर मग उलट्या ऋतूचं बेट बघा. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो, मॉरिशसला आपला पावसाळा म्हणजे त्यांचा थंड आणि कोरडा हिवाळा. द्राक्षवाल्यांना खरं तर ही दोनच बेटं सोयीची, पण नाशिकच्या एजंटांनी हे कुणाला सांगितलेलं मी अजून ऐकलं नाही. मॉरिशसला भारतीयांना व्हिसाचे पैसे नाहीत, बालीला पोचल्यावर व्हिसा मिळतो पण त्याचे ५ लाख इंडोनेशियन रुपिया पडतात आणि वर दीड लाख रुपियाचा पर्यटक कर, आकडा ऐकून घाबरू नका, त्यांचा रुपिया फार हलका आहे. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक मुदतीचा हवा. पण यात सासूबाईंची कोठडी येत नाही, आणि मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटली.

भगूर म्हणजे सावरकरांचं जन्मगाव, तिथल्या माणसाला सेल्युलर जेल म्हणजे नुसतं साईटसीइंग नसतं. नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या, त्या खटल्याचे धागे लंडनपर्यंत गेले आणि १९११ मध्ये तात्याराव सावरकर अंदमानला पोचले, थोरले बंधू बाबाराव तिथे होतेच. हे आपल्या गावातलं आहे सगळं. सासूबाई हे ऐकत मोठ्या झाल्या असणार. म्हणून पहिला पूर्ण दिवस जेललाच ठेवा, सकाळी बघायचं, दुपारी आराम, संध्याकाळी लाईट अँड साउंड शो, तो उघड्यावर असतो आणि त्याची तिकिटं आधी काढून ठेवायला एजंटला सांगा, हिंदी शोची. मूळच्या सात विंगांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने चढावे लागतात, तेव्हा गुडघ्यांचं काय ते आत्ताच विचारा आणि सकाळी ऊन चढायच्या आत जा. एजंट लोक जेल आणि विमानतळावरून उतरणं एकाच दिवसात कोंबतात, पहाटेचं विमान, डोळ्यांवर झोप, आणि मग तासाभरात "चला चला पुढे". ते करू देऊ नका.

आता दिरांचं. एजंट सगळे चोर नसतात, पण तुम्हाला जो भेटतोय तो नेमकं काय विकतो ते समजून घ्या. कॉलेज रोडवरचा माणूस अंदमानात हॉटेल चालवत नाही, तिथे त्याची गाडी पण नाही. तो पोर्ट ब्लेअरमधल्या एका लोकल ऑपरेटरकडून, किंवा मधल्या होलसेलवाल्याकडून, नेट रेटने पॅकेज घेतो, त्यावर स्वतःचा मार्कअप टाकतो आणि तुम्हाला देतो. यात वाईट काही नाही, धंदा आहे. प्रश्न फक्त एवढाच की त्याने पुढे पैसे भरलेत का. बऱ्याच वेळा फसवणूक म्हणतो ती अशीच झालेली असते, गिऱ्हाईकाकडून घेतलेले पैसे आधीच्या ग्रुपच्या उधारीत गेले आणि तुम्ही तिथे पोचल्यावर हॉटेलवाला म्हणतो आम्हाला पेमेंट आलंच नाही. तुमच्याकडे द्राक्षाचा व्यापारी नवीन असला की माल तोडायच्या आधी तुम्ही काय काय बघता, गाळा कुठे आहे, मागच्या वर्षी कुणाचा माल घेतला, चेक कुणाच्या नावाचा देतोय, तेवढंच इथे बघायचं.

आपल्याकडे ट्रॅव्हल एजंट व्हायला सक्तीचं लायसन्स काही नाही, केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची मान्यता असते पण ती ज्याला हवी तो घेतो. त्यामुळे ऑफिस चकाचक आहे आणि इन्स्टावर रील्स आहेत यावरून काही ठरत नाही. त्याचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या साईटवर टाकून बघा, मुलीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे, फर्मचं नाव आणि नोंदणी कधीची ते दिसतं. पैसे फर्मच्या नावाच्या खात्यातच, पावती घेऊन. पर्सनल नंबरवर गुगल पे मागतोय ना, तिथेच मला खटकलं. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी असतो, कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरात "प्लस टॅक्स" असेल तर तुमच्या १ लाख ६५ हजारावर अजून ८,२५० रुपये आले.

माझा सल्ला मधला आहे. विमानाची तिकिटं स्वतः काढा, विमान कंपनीच्याच साईटवरून, आणि तिथलं सगळं, म्हणजे हॉटेल, गाडी, बोटी, ज्याला लँड पॅकेज म्हणतात ते, एजंटकडून घ्या. तिकीट काढायला येत नाही म्हणताय तर दिरांनाच कामाला लावा, एवढं बोलतात तर बसू द्या की एक संध्याकाळ लॅपटॉप घेऊन. तिकिट तुमच्या नावावर, तुमच्या कार्डवर असलं की उद्या काही रद्द झालं तर रिफंड थेट तुमच्याकडे येतो, एजंटच्या मागे फिरावं लागत नाही. एजंट देतात त्यातली बरीच तिकिटं ग्रुप फेअरची असतात, स्वस्त असतात पण रद्द केली तर हाती काही येत नाही आणि नाव चुकलं तर बदलत पण नाहीत. नावं आधार कार्डावर आहेत अगदी तशीच टाका, सासूबाईंच्या आधारवर माहेरचं नाव किंवा काही घोळ असेल तर तो आत्ताच निस्तरा. अंदमानला आपल्याला परमिट लागत नाही, आधार पुरतं. तिकिटावर शहराचं नाव पोर्ट ब्लेअर दिसेल किंवा श्री विजयपुरम, सप्टेंबर २०२४ मध्ये नाव बदललंय, गोंधळू नका. तसंच हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, व्हाउचरवर काहीही असू शकतं.

मुंबईहून निघताना विमानतळ कुठला ते नीट बघा, आता नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, कोड बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई, आणि मुंबईत परत टर्मिनल एक की दोन. एजंटचे रेट जवळजवळ नेहमी "एक्स मुंबई" असतात म्हणजे निफाड ते मुंबई गाडी तुमची वेगळी. जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यावर कसाऱ्याचा वैताग बराच कमी झालाय, पण पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक आहेच, पहाटेचं विमान असेल तर रात्रीचं जेवण झालं की निघा. थेट विमान मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या, चेन्नईला किंवा कोलकात्याला पाच तास बसून सासूबाईंना थकवू नका, आणि मधे बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर घ्या म्हणजे पहिलं लेट झालं तर पुढची जबाबदारी कंपनीची.

आता लँड पॅकेजचं कोटेशन. हॉटेलच्या नावापुढे "किंवा तत्सम" लिहिलेलं असतं, तिथेच सगळी गंमत होते. हॉटेलचं नाव फिक्स मागा. रूम दोन की एक रूम आणि खाली दोन गाद्या, हे लिहून घ्या, पाच जणांना दोन रूम लागतात, आजी-नात-नातू एकीकडे. जेवण सीपी असेल तर फक्त नाश्ता, एमएपी असेल तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण. बाहेर व्हेज थाळी, डोसा वगैरे मिळतं, फार काळजी नको, पण सासूबाईंच्या उपवासाच्या दिवसासाठी राजगिऱ्याच्या वड्या आणि शेंगदाण्याचे लाडू इथूनच न्या. गाडी प्रायव्हेट की सीट इन कोच ते विचारा, म्हणजे दुसऱ्यांबरोबर एका टेम्पोत बसवणार का. आणि बोटींचं, सरकारी की प्रायव्हेट, मॅक्रूझ की नॉटिका की ग्रीन ओशन, कुठल्या दिवशी किती वाजताची, आणि समुद्रामुळे रद्द झाली तर त्या रात्रीच्या जादा हॉटेलचे पैसे कोण देणार. हे शेवटचं वाक्य कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं, तुम्ही घालून घ्या. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम हवा, त्याच दिवशी सकाळी बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा प्लॅन कुणी दिला तर त्या माणसाला तिथला काही अनुभव नाही असं समजा.

खर्च कमी करायचा तर बाराटांग बेटाची सहल काढून टाका. अंधारात निघावं लागतं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ठरलेल्या वेळच्या ताफ्यानेच जाता येतं, पूर्ण दिवस जातो, सासूबाईंना झेपणार नाही. आणि त्या रस्त्यावर फोटो काढायला, थांबायला बंदी आहे, कुणी एजंट "जारवा दाखवतो" म्हणाला तर तो कायदा मोडायला सांगतोय, अशा माणसाकडे बुकिंगच करू नका. त्याऐवजी हॅवलॉकला दोन रात्री ठेवा, राधानगर बीचवर संध्याकाळ घालवा, पण लक्षात ठेवा, तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आपल्यासारखा सात वाजता नाही, दुपारी झोपून उठून चहा पिऊन निघालात तर अंधारच बघाल. मुलाला स्कूबा करायचं असेल तर दहा वर्षांच्या वर चालतं, पण शेवटच्या दिवशी नको, डायव्ह आणि विमान यात १८ तास तरी जाऊ द्या. शंख-शिंपले-पोवळं पिशवीत भरून आणायचं नाही, विमानतळावर तपासतात. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, बेटांवर नेटवर्क गेलं की गुगल पे पण गेलं.

पैसे टप्प्याने द्या. आधी २०-२५ टक्के, हॉटेलची व्हाउचर्स आणि बोटीची तिकिटं हातात आली की पुढचे, थोडे निघायच्या आठवडाभर आधी. व्हाउचर आलं की हॉटेलला स्वतः फोन करा, "आमच्या नावाचं बुकिंग आहे का आणि पेमेंट आलंय का", एवढंच विचारायचं. रद्द केलं तर किती कापणार ते तारखांसकट कागदावर. एवढं करूनही कुणी हात वर केलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, नाशिकला जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण त्यासाठी पावती आणि लेखी कोटेशन लागतं, व्हॉट्सॲपवरचे अंगठे आणि हसरे चेहरे नाही.

हे सगळं विचारल्यावर कॉलेज रोडचा तो मुलगा वैतागला, "मॅडम एवढं कोणी विचारत नाही" म्हणाला, तर सोडून द्या, इंदिरानगर, कॅनडा कॉर्नर, नाशिक रोड, एजंट चिकार आहेत. शांतपणे सगळं लिहून दिलं तर त्यालाच काम द्या, भले दोन हजार जास्त का जाईनात. आणि तुम्हाला दोघांनाही हे सगळं नकोच वाटत असेल तर आपल्या मराठी कंपन्यांच्या ग्रुप टूर असतात, टूर लीडर असतो, वरणभात मिळतो, पण तिथे जेलमध्ये किती वेळ थांबायचं ते तुमच्या हातात राहत नाही, म्हणून मी तुम्हाला ते सुचवत नाहीये.

मालकांनी तारीख सांगितली की दोन एजंटांकडून त्याच तारखेची लेखी कोटेशन घ्या आणि हवं तर मला पाठवा. हॉटेलचे फोटो नकोत, मला फक्त बोटींच्या वेळा आणि रद्द झाल्यास काय ती ओळ बघायचीये.